पोटखराब जमिनीचे फोटो

रत्नागिरीत कॅमेरा घेऊन उतरलेल्या पाहुण्याच्या मेमरी कार्डात काय असतं ते मी न बघता सांगू शकतो. भाट्याचा सूर्यास्त, आरे-वारेचा वळणाचा रस्ता, रत्नदुर्गावरून दिसणारं मिरकरवाड्याचं बंदर, थिबा पॉइंटवरून खाडी, आणि गणपतीपुळ्याला देवळासमोर काढलेला एक ग्रुप फोटो, ज्यात मावशीने नेमके डोळे मिटलेत.

माझ्याकडेही हे सगळं आहे. सूर्यास्तांचं तर वेगळं फोल्डर आहे. बायको म्हणते, "सूर्य एकच आहे ना रे? मग साडेनऊशे फोटो कशाला?" तिला मी शास्त्रीय उत्तर देतो. आपल्या अक्षांशावर मावळतीची जागा जूनपासून डिसेंबरपर्यंत क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. भाट्याच्या वाळूत उभं राहिलं तर जूनच्या आसपास सूर्य रत्नदुर्गाच्या बाजूला कलतो आणि डिसेंबरात पार दक्षिणेकडे जातो. म्हणजे एकाच जागेवरून वर्षभर वेगवेगळं चित्र! (या उत्तराने आजवर ती एकदाही गप्प झालेली नाही.)

तर मंडळी, आठवडाभर पुण्यात कोड लिहायचा आणि जमेल त्या शुक्रवारी रात्री आंबा घाटाने घर गाठायचं, हा माझा जुना उद्योग. २००८ साली पगारातून निकॉन डी ४० घेतला, तेव्हापासूनचा. कॅमेरे बदलले, लेन्सा वाढल्या, पाठ दुखायला लागली, पण खाज काही गेली नाही. दमट हवेने लेन्समध्ये बुरशी धरते म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाचा डबा केलाय. एसीच्या गाडीतून पावसाळी हवेत उतरताना कॅमेरा बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्यायचा, नाहीतर काचेवर धुकं बसतं. ही सगळी कोकणात फोटो काढणाऱ्याची नित्यपूजा.

पण आज सांगायचंय ते समुद्राबद्दल नाही. समुद्राकडे पाठ केल्यावर जे दिसतं त्याबद्दल.

समुद्राकडे पाठ केली की रत्नागिरीत सडा दिसतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. चढण संपते आणि एकदम सपाट, उघडाबोडका, काळा कातळ लांबच लांब पसरलेला. एप्रिलमध्ये त्यावर उभं राहिलात तर चपलेतून चटका बसतो. झाड नाही, सावली नाही. फोटोच्या भाषेत सांगायचं तर "सब्जेक्टच नाही." आमचे काका पहिल्यांदा मला तिथे ट्रायपॉड लावताना बघून म्हणाले होते, "अरे, आंबा काढ, समुद्र काढ. हा कातळ कसला काढतोस? इथे गुरं पण थांबत नाहीत."

कॅमेऱ्याचंही तेच मत असतं बरं का. कॅमेऱ्यातला मीटर समोर दिसेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. काळा कातळ दाखवलात की बिचाऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळून ठेवतो. काळ्याचा राखाडी होतो, आभाळ पांढरं फटक. म्हणून सड्यावर एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणावं लागतं. थोडक्यात, सडा जसा आहे तसा दिसावा म्हणून यंत्राशी भांडावं लागतं.

मग जून येतो. पहिल्या दोन-चार पावसांत कातळाच्या भेगांमधून डिपकाडी कोंकनेन्स नावाची पांढऱ्या फुलांची वनस्पती वर येते. पश्चिम किनाऱ्याच्या या जांभ्या पट्ट्याबाहेर ती जगात कुठेही नाही. तिचा कंद बोटभर मातीत उन्हाळा काढतो. ऑगस्ट-सप्टेंबरात जिथे पाणी साठतं तिथे सीतेची आसवं फुलतात, जांभळी-निळी, नखाएवढी. ही दिसायला नाजूक आणि खायला मांसाहारी! कातळावरच्या चिमूटभर मातीत पोषण नसतं, म्हणून ही वनस्पती बारीक फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. शेजारी गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांचा गालिचा. हे टिपायचं तर पोटावर झोपून. शर्टाचं काय होतं ते विचारू नका. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं पिवळं पडतं, आणि डिसेंबरात पुन्हा तोच काळा कातळ, जणू मधलं काही झालंच नाही.

आता दुसरी गोष्ट. याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून ती शोधली आणि नोंदवली. आज कोकणात सत्तरहून अधिक ठिकाणी दीड हजाराच्या वर आकृत्या माहीत आहेत. कशेळीला कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर बाय १३ मीटर आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची कितीतरी चित्रं आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. काही ठिकाणी गेंडा कोरलाय, जो आज कोकणात औषधालाही सापडणार नाही. अभ्यासकांच्या अंदाजाने यातली काही दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत यातली नऊ ठिकाणं गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं.

फोटोवाल्यासाठी यातली गंमत अशी की भर दुपारी तुम्ही या चित्रावर उभे असाल तरी ते दिसत नाही. रेघा जेमतेम दोन-चार सेंटिमीटर खोल. सोपं गणित आहे. रेघ ३ सेंमी खोल असेल आणि सूर्य ६० अंशांवर असेल तर काठाची सावली पावणेदोन सेंमी पडते. तोच सूर्य १० अंशांवर आला की सावली १७ सेंमी होऊ बघते, म्हणजे अख्खी रेघ काळी भरून निघते. सकाळी उन्हं तिरपी आली की जमिनीतून एकेक रेघ वर येते, आणि बघता बघता आपण माशाच्या शेपटीवर उभे आहोत हे कळतं. घाईने बाजूला होताना अंगावर काटा येतो. फोटोवाले ज्याला सोनेरी प्रकाश म्हणून मिरवतात तो इथे नुसता शोभेचा नाही. त्याच्याशिवाय चित्रच नाही.

एवढं सगळं असलेल्या या जमिनीला सातबाऱ्यावर काय म्हणतात माहितेय? पोटखराब. म्हणजे लागवडीला निरुपयोगी.

आणि निरुपयोगी जमिनीचा उपयोग काढायला माणसाला फार वेळ लागत नाही. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून हापूसची कलमं उभी राहिली. माझं शिक्षण त्याच आंब्यांवर झालंय, तेव्हा त्याबद्दल मी तोंड वर करून बोलणार नाही. दुसरा उपयोग चिऱ्यांचा. जांभा कापून विटा करायच्या आणि घरं बांधायची. या दगडाचं इंग्रजी नावच त्यावरून पडलंय. फ्रान्सिस बुकाननने १८०७ साली केरळातला दगड बघून त्याला लॅटराइट म्हटलं, लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. तेव्हा हाताने कापायचे, आता मशीनच्या चकतीने. तिसरे उपयोग मोठे, म्हणजे प्रकल्प. बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा २०२३ च्या एप्रिलमध्ये गावातल्या बायाबापड्या उन्हात कातळावर बसून होत्या, ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं.

आमचा सडा यापैकी दुसऱ्या खात्यात गेला.

गावाचं नाव लिहीत नाही. काकांच्या नावावर सड्याचा एक तुकडा होता, मधे पावसाळी तळं असलेला. २००९ पासून मी दरवर्षी त्या तळ्याच्या एकाच कोपऱ्यावर, एका भेगेत ट्रायपॉडचा पाय रोवून, त्याच दिशेला तीन फोटो काढत आलो. मे, ऑगस्ट, डिसेंबर. आमच्या धंद्यात कोडच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद राहते आणि कधीही मागे जाऊन कुठली ओळ बदलली ते बघता येतं. ती सवय हाडात मुरलेली. बाकी हेतू नव्हता.

२०१९ च्या मे महिन्यात काका म्हणाले, रस्त्याकडचा अर्धा भाग चिरेखाणीला द्यायचा ठरतोय. चुलतबहिणीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन तोंडावर होतं. मी म्हटलं, "काका, पण ते तळं?"

"तळ्याचं काय?"

मी लॅपटॉप उघडून दहा वर्षांचे फोटो दाखवले. काकांनी सगळे शांतपणे बघितले. चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "चांगले आलेत हो. पण बाबा रे, फोटो तुझा, सातबारा माझा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. माझ्या एका लेन्सच्या किमतीत एका सेमिस्टरची फी भागली असती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही ते बोललो नाही. फीसाठी मी पैसे पुढे केले तर काकांनी नाही म्हटलं. घेतले असते तर ते काका नव्हेत.

टास्मानियातल्या फ्रँकलिन नदीवर धरण होणार होतं, तेव्हा पीटर डोंब्रोव्स्किसने काढलेला नदीच्या एका वळणाचा फोटो १९८३ च्या निवडणुकीआधी ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत पानभर छापला गेला. सरकार बदललं, त्याच वर्षी उच्च न्यायालयाचा निकाल लागला, धरण थांबलं. निसर्गाचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट आवडते. मलाही आवडते. पण ती नदी धुक्यात स्वप्नासारखी दिसत होती हो! आपलं कास बघा. फुलांमुळे सगळ्यांना माहीत झालं, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, आणि आता तिथली चिंता गर्दीची आहे. सुंदर दिसणाऱ्या जागेला निदान कुणीतरी वाली मिळतो. वर्षातले आठ महिने करपलेल्या कातळासाठी कोण पानभर जाहिरात देणार?

म्हणून मी एक नियम केलाय. सड्याचा फुललेला फोटो दाखवला की शेजारी त्याच जागेचा मे महिन्यातला फोटो दाखवायचाच. लोक फुलांना वाहवा म्हणतात आणि मे महिन्याच्या फोटोवरून पटकन पुढे सरकतात. सरकू देत. पण डिपकाडीचा कंद त्या दुसऱ्या फोटोत आहे, दिसत नाही इतकंच. फुलांचा फोटो बघून कुणी जमीन राखायची म्हटली तर ती त्याला मे महिन्यासकट राखावी लागेल.

आमच्या तुकड्याचा रस्त्याकडचा अर्धा भाग आज पंधरा फूट खोल चौकोन आहे. कडा इतक्या सरळ की आर्किटेक्टला हेवा वाटावा. पावसाळ्यात त्यात हिरवं पाणी भरतं. तळं उरलेल्या अर्ध्या भागात आहे, पण त्यात पूर्वीसारखं पाणी टिकत नाही. ट्रायपॉडची भेग शाबूत आहे. मी अजूनही तिथूनच फोटो काढतो, खाणीसकट. फ्रेम थोडी उजवीकडे फिरवली तर खाण जाते आणि झकास फोटो येतो. पण मग नोंद कसली राहिली?

चुलतबहीण २०२३ मध्ये पास झाली, हैदराबादला नोकरी करते. काकांनी गेल्या दिवाळीत २०१४ च्या ऑगस्टमधला तळ्याचा फोटो मोठा करून मागितला. सागवानी फ्रेम त्यांनी स्वतः करून घेतली. ओटीवर लावलाय. आल्यागेल्याला सांगतात, "हा आमचा सडा." त्यातला किती उरला ते सांगत नाहीत, आणि मी शेजारी उभा असलो तरी मधे बोलत नाही.

असो. जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. उक्षीला गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधलाय, सुरुवात तिथून करा. कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पावसाळ्यात जवळच रानपाटचा धबधबा आहे. सूर्योदयाआधी पोचा. चित्रावर पाय देऊ नका, खडूने किंवा पाण्याने रेघा उठवू नका. ऊन ते काम फुकट करतं. गावात आधी विचारा, जमीन कुणाच्या तरी मालकीची असते. आणि पोलरायझर विसरलात तरी चालेल, पण पाणी विसरू नका, कारण सड्यावर टपरी नसते.

एक्स्पोजर एक स्टॉप खाली. कातळ काळाच दिसू दे.