जहाज आलं, मजकूर मागे राहिला

पनवेलहून उरणकडे निघालं की करळ फाट्याच्या आसपास ट्रेलरांची रांग लागते. पाठीवर लाल, निळे, तपकिरी कंटेनर आणि दूर आभाळात माना काढून उभ्या क्रेन. न्हावा आणि शेवा या दोन गावांचं नाव घेतलेलं हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. जपानमधून निघालेला माल इथं उतरायला काही आठवडे लागतात. कस्टमची कागदपत्रं, कंटेनरच्या गोदामातला (सीएफएस) मुक्काम, पुढची वाहतूक हे सगळं धरलं तरी हिशेब आठवड्यांचाच.

बंदर सुरू झालं त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा जपानी व्हिडिओ गेम अमेरिकेत पोचला. जपानी मुलांच्या हाती तो २७ मे १९८६ लाच पडला होता. तळहातावर मावणारी कॅसेट, आणि समुद्र ओलांडायला तीन वर्षं! वाटेत नावही बदललं, ‘ड्रॅगन वॉरियर’ झालं. माल केव्हाच तयार होता. मजकूर मागे राहिला होता.

मारिओला भाषा लागत नाही. उडी मारायची आणि पुढे पळायचं. जपानी आरपीजीची, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या कथाप्रधान खेळांची, गोष्ट वेगळी. त्यात गावोगाव हिंडायचं, विहिरीवरच्या म्हातारीशी बोलायचं, धर्मशाळेतल्या वाटसरूकडून बातमी काढायची आणि चाळीस-पन्नास तास त्या माणसांच्या सुखदुःखात राहायचं. बोलणं कळलं नाही तर पुढचं दार कुठलं हेही कळत नाही. म्हणून हे खेळ सर्वांत उशिरा प्रवासाला निघत, आणि पुष्कळदा निघतच नसत.

‘फायनल फँटसी’ मालिकेचे दुसरा, तिसरा आणि पाचवा हे भाग त्या काळी अमेरिकेत आलेच नाहीत. चौथा भाग १९९१ मध्ये ‘दुसरा’ म्हणून विकला गेला, सहावा १९९४ मध्ये ‘तिसरा’ म्हणून. १९९७ मध्ये एकदम सातवा आल्यावर मधले तीन भाग गेले कुठे, हे खेळणाऱ्यांना कळेना. खऱ्या पाचव्या भागाला इंग्रजीत यायला १९९९ उजाडलं, खऱ्या तिसऱ्याला नव्या रूपात २००६. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ जपानमध्ये १९९५ साली आला आणि अधिकृत इंग्रजीत २०१९ साली. चोवीस वर्षं. तेवढ्यात तान्हं मूल पदवी घेऊन नोकरीला लागतं. २००६ चा ‘मदर ३’ तर अधिकृत इंग्रजीत अजूनही आलेला नाही.

खेळ असे उशिरा मिळाल्याच्या चिडचिडीला कुणी पोरकटपणा म्हणू नये. दिवाळी अंक पाच वर्षांनी हाती पडला तर तो वाचता येतो, पण त्या दिवाळीत शेजाऱ्यापाजाऱ्यांशी त्यावर झालेल्या गप्पा परत मिळत नाहीत. गोष्टीचा शेवट सगळ्या जगाला ठाऊक झाल्यावर ती हातात घेणाऱ्याचं नुकसान खरं असतं.

कारणंही खरी होती. जपानी लिपी थोड्या जागेत पुष्कळ सांगते. तोच मजकूर इंग्रजीत लांबतो, आणि जुन्या कॅसेटींत मोकळी जागा नसायची. ‘फायनल फँटसी’च्या सहाव्या भागाचं भाषांतर टेड वूल्सी यांना अवघ्या तीस दिवसांत करावं लागलं. जागा पुरेना म्हणून संवाद छाटावे लागले. अशा हातघाईतून निघालेले त्यांचे संवाद लोक आजही आठवतात, याचं कौतुक वाटतं.

खेळणारे नुसते हातावर हात ठेवून बसले नाहीत. जून २०१० मध्ये जपानमध्ये आलेला ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ अमेरिकेत यावा म्हणून २०११ मध्ये चाहत्यांनी ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम चालवली. एप्रिल २०१२ मध्ये तो तिथे आला. ‘मदर ३’चं संपूर्ण इंग्रजी भाषांतर तर चाहत्यांनीच २००८ मध्ये पुरं केलं, एक पैसा न घेता. संतवाङ्मयाच्या पोथ्या उतरवून ठेवणाऱ्या अनामिक हातांची परंपरा ज्या भाषेत आहे, तिला ही निष्ठा परकी वाटू नये.

आणि उरण-पनवेलची घरं? नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची जी यंत्रं घरोघरी आली, ती बहुतेक जपानच्या ‘फॅमिकॉम’चीच नक्कल होती. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं, आत तेच मारिओ, कॉन्ट्रा, बॉम्बरमॅन. खेळ साठवून ठेवायला आरपीजीच्या कॅसेटीत बहुधा बॅटरी लागे; स्वस्त नकलेत ती कोण घालणार? यंत्राचा सांगाडा जपानी, पण जपानने सांगितलेल्या मोठ्या गोष्टी त्यातून वगळलेल्या. पश्चिमेकडचा मुलगा ज्या उशिरावर चिडत होता, तो उशीरसुद्धा इथल्या मुलाच्या वाट्याला आला नाही. असा खेळ असतो हेच त्याला माहीत नव्हतं. पुढेही फार फरक पडला नाही. २०१७ चा निन्तेन्दो स्विच कंपनीने भारतात अधिकृतपणे आणला नाही. जपान-अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला प्लेस्टेशन ५ इथं २ फेब्रुवारी २०२१ रोजी मिळाला.

मराठीचा विचार केला की हळहळ वाढते, कारण या खेळांना मराठी फार शोभली असती. जपानी वाक्यासारखं मराठी वाक्यही क्रियापदावर येऊन थांबतं. बोलणारा समोरच्याला किती मान देतो हे जपानीत शब्दाशब्दातून कळतं. इंग्रजीच्या एका ‘यू’मध्ये ते सपाट होतं, मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ तयारच आहेत. ‘क्रोनो ट्रिगर’ या आरपीजीमधला बेडूक झालेला योद्धा जपानीत रांगडं बोलतो. वूल्सींनी त्याला जुनी दरबारी इंग्रजी दिली. मराठीत त्याच्या तोंडी उरणची आगरी बोली घातली असती तर मूळचा रांगडेपणा तरी राहिला असता! अडचण आहे ती अक्षरांची: जुन्या खेळांत एकेक अक्षर एकेका चौकोनात बसवत, आणि देवनागरीची जोडाक्षरं अशा चौकोनांत मावत नाहीत. आता ते तंत्र अवघड राहिलेलं नाही. पुण्यात जपानी शिकणारी मुलं थोडीथोडकी नाहीत, म्हणजे भाषांतर करू शकणारी माणसंही आहेत.

११ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मेटाफर : रीफँटाझिओ’ हा जपानी आरपीजी जगभर एकाच दिवशी आला. जहाज नाही, कंटेनर नाही. उलव्यातल्या आठव्या मजल्यावरच्या खोलीत तो तोक्योबरोबरच उतरवून घेता येत होता. आधी भाषा निवडायची. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, कोरियन, चिनी… यादी खालपर्यंत सरकवून पाहायची, आणि पुन्हा वर येऊन इंग्रजीवर बोट ठेवायचं.