पिंजऱ्यावरील पाटी

मनुष्यस्वभाव मोठा विलक्षण आहे. जे दाराशी असते त्याची त्यास किंमत वाटत नाही, आणि जे सात समुद्रांपलीकडील असते ते पाहण्यासाठी तो तासन्‌तास रांगेत उभा राहतो. परसातील खारीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु मुंबईस राणीच्या बागेत पेंग्विन आले, ही वार्ता पसरताच मुलामाणसांची तिकडे एकच रीघ लागली. आमच्या शाळेची सहल निघाली तेव्हा मुलांनी तोच हट्ट धरिला. वाटेत तरस होता, अस्वल होते. पण त्यांच्यापुढे क्षणभर थांबावयास कोणी तयार नव्हते.

आम्हांस मात्र प्राणिसंग्रहालयात गेले असता एक सवय जडली आहे. आम्ही आधी पिंजऱ्यावरील पाटी वाचतो आणि मग प्राण्याकडे वळतो. पाटीवर बहुधा तीनच गोष्टी असतात: प्राण्याचे नाव, त्याचा मूळ देश आणि त्याचा आहार. चौथी एक गोष्ट तेथे कधी लिहिलेली नसते. हा प्राणी याच गावी का आला? जगातील नाना शहरांच्या प्राणिसंग्रहालयांत कोठे कोणते प्राणी ठेविले आहेत, याच्या याद्या आम्ही सवड मिळेल तेव्हा वाचीत असतो. त्या वाचता वाचता आमची अशी खात्री झाली आहे की, ही निवड केवळ योगायोगाने झालेली नसते. तिच्यामागे कोठे राजांचा मान असतो, कोठे हवापाण्याची अनुकूलता असते, तर कोठे त्या प्राण्याची निकड असते.

प्रथम मानाची गोष्ट घेऊ. सुमारे १५१४ साली गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क यास एक गेंडा नजर केला. आल्बुकर्कने तो आपला राजा मॅन्युएल याजकडे धाडण्याचे ठरविले. १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून गेंडा गलबतावर चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन लोकांच्या काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूरर याने तो प्रत्यक्ष न पाहताच, आलेल्या वर्णनावरून व रेखाटनावरून, त्याचे चित्र लाकडी ठशात कोरले. त्यात गेंड्याच्या अंगावर जणू लोखंडी चिलखतच चढविले आहे. पुढे मॅन्युएलने तोच गेंडा पोपमहाशयांस भेट म्हणून पाठविला. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ गलबत वादळात सापडून बुडाले. गेंडा हा पाण्यात सहज पोहणारा प्राणी. पण तो साखळदंडाने जखडलेला होता, असे सांगतात. एका राजाने दुसऱ्यास व दुसऱ्याने तिसऱ्यास दिलेल्या त्या मुक्या जिवाची वाट अशी समुद्राच्या तळाशी संपली.

ही नजराण्याची रीत पुढेही चालू राहिली. इजिप्तच्या महंमद अलीने फ्रान्सच्या राजास पाठविलेली जिराफाची मादी १८२७ साली मार्सेल्सपासून पॅरिसपर्यंत पायी चालत गेली, आणि वाटेतील गावेच्या गावे तिला पाहण्यास लोटली. आज चीन देश आपले काळे-पांढरे पांडे परदेशांस मुदतीने देतो. परदेशी जन्मलेली त्यांची पिल्लेदेखील करारान्वये चीनचीच मानली जातात. यास्तव एखाद्या शहरात पांडा दिसला, तर त्या देशाचा चीनशी सलोखा आहे असे खुशाल समजावे.

दुसरे कारण हवापाण्याचे. ऑस्ट्रेलियातील कोआला हा प्राणी निलगिरीच्या झाडांच्या पाल्यावर जगतो. अर्थात ज्याच्या दारी निलगिरी नाही, त्याने कोआलाचा हव्यास धरू नये. अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी निलगिरीची झाडे उत्तम वाढतात. म्हणून तेथील प्राणिसंग्रहालयात १९२५ साली कोआला येऊ शकले आणि आजही तेथे त्यांचे मोठे बिऱ्हाड आहे. याउलट सिंगापूरचे उदाहरण पाहा. विषुववृत्ताजवळील त्या उष्ण बेटावर १९९० साली ध्रुवप्रदेशीय पांढऱ्या अस्वलाचे एक पिल्लू जन्मले. इनुका हे त्याचे नाव. लोकांचा तो मोठा लाडका होता. तथापि यापुढे अशी अस्वले आणावयाची नाहीत, असा निर्णय त्या संस्थेने २००६ साली जाहीर केला, आणि २०१८ साली वृद्ध इनुका गेल्यावर ती जागा दुसऱ्या अस्वलाने भरली नाही. आपल्यापाशी जे आहे ते जनांस प्रिय असूनही पुन्हा न आणणे, यास आम्ही मोठा विवेक समजतो.

आणि आमच्या मुलांचे ते पेंग्विन? ते २०१६ साली कोरियातील सोल शहराहून आले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांस दिसू लागले. ते बर्फात राहणारे नव्हेत, हे पाटी वाचणारास तत्काळ कळते. त्यांचे नाव हंबोल्ट पेंग्विन. पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड प्रवाहाच्या आश्रयाने ते राहतात. मुंबईच्या उकाड्यात त्यांच्यासाठी रात्रंदिवस यंत्राने थंडावा राखावा लागतो.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "तर मग प्राण्यांस कोंडावेच कशासाठी?" हा प्रश्न आम्हांसही पडतो. गजांआड त्याच चार पावलांची येरझार घालणारा वाघ पाहिला म्हणजे मन खिन्न होते. शिवाय जुन्या प्राणिसंग्रहालयांचा इतिहासही काही फार अभिमानाचा नाही. अर्ध्या अंगावर पट्टे असलेला क्वागा नावाचा आफ्रिकेतील प्राणी होता. त्याची अखेरची मादी १८८३ साली ॲम्स्टरडॅम येथे मेली. अमेरिकेच्या आकाशात ज्यांचे थवे सूर्य झाकीत, त्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटचे १९१४ साली सिनसिनाटीच्या पिंजऱ्यात मेले. टास्मानियातील पट्टेरी 'वाघ' १९३६ साली होबार्ट येथे संपला. त्या जातीस कायद्याचे संरक्षण मिळून तेव्हा दोन महिनेही लोटले नव्हते. या तिन्ही ठिकाणी पिंजरा होता, पाटी होती, पाहणारेही होते. वंश राखण्याची काळजी मात्र वेळेवर कोणी केली नाही.

तरीही आम्ही प्राणिसंग्रहालयाचा पक्ष सर्वस्वी सोडीत नाही. त्याचे कारण एक हरिण आहे. चिनी लोक त्यास 'मिलू' म्हणतात. 'चारांपैकी कोणताच नव्हे' असेही त्याचे एक नाव आहे. कारण त्याचे खूर गाईसारखे, मान उंटासारखी, शिंगे सांबरासारखी आणि शेपूट गाढवासारखे. पण तो यांपैकी कोणीच नव्हे. रानांतून तो शेकडो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला होता. पेकिंगच्या दक्षिणेस बादशहाचे एक शिकारीचे उपवन होते. तेवढ्यात काय तो त्याचा कळप उरला होता, आणि भोवती उंच भिंत व पहारा होता. १८६५ साली आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याने भिंतीवरून आत डोकावून तो पाहिला. निसर्गशास्त्राचा तो मोठा अभ्यासू होता. हे हरिण युरोपातील विद्वानांस ठाऊक नाही, हे त्याने ओळखले. पुढे काही मिलू युरोपातील प्राणिसंग्रहालयांत पोहोचले.

ते पोहोचले हे किती बरे झाले! १८९५ च्या सुमारास महापुराने उपवनाची भिंत फुटली, हरणे बाहेर पळाली आणि उपासमारीने गांजलेल्या लोकांनी ती मारून खाल्ली. जी थोडी उरली, ती १९०० सालच्या बंडाळीत गेली. मायदेशी मिलूचा निर्वंश होत असता इंग्लंडातील बेडफर्डच्या ड्यूकने युरोपातील प्राणिसंग्रहालयांतून अठरा मिलू गोळा करून आपल्या वोबर्न येथील विस्तीर्ण कुरणात सोडले. दोन महायुद्धांची टंचाई सोसून तो कळप वाढला. अखेर १९८५ साली त्यांचे वीस वंशज चीनमध्ये परतले, आणि ज्या उपवनातून त्यांचे पूर्वज नाहीसे झाले होते त्याच भूमीवर त्यांस ठेविण्यात आले. आज त्या देशात मिलूंची गणना हजारांनी करावी लागते.

आता हे काम नशिबावर सोपविलेले नसते. मंगोलियातील रानघोड्यांची वंशावळ प्राग येथील प्राणिसंग्रहालय ठेविते. आपल्याकडे सगोत्र सोयरीक टाळतात, तद्वतच कोणत्या घोडीस कोणत्या गावचा घोडा योग्य, हे त्या वंशावळीवरून ठरते. रानातून समूळ नाहीसे झालेले ते घोडे १९९२ पासून पुनश्च मंगोलियाच्या माळरानावर सोडण्यात आले. आपल्या देशीही अशी कामे चालतात. जुनागढच्या नवाबाने १८६३ साली स्थापिलेल्या सक्करबागेत गीरच्या सिंहांचा वंश वाढविला जातो. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेले लाल पांडे २००३ साली सिंगालिलाच्या जंगलात नेऊन सोडले गेले. थंड डोंगरातील प्राण्यांस थंड डोंगरातच आसरा देणारी ही संस्था आम्हांस विशेष आदरणीय वाटते.

विद्यार्थिमित्रहो, शहराचा मोठेपणा तेथे किती दूरदूरचे प्राणी आणिले यावरून मोजण्याचा प्रघात आहे. आमच्या मते तेथे कोणाचा वंश राखिला जातो, हे पाहून तो मोजावा. पुढल्या खेपेस तुम्ही आईबापांसह प्राणी पाहावयास जाल, तेव्हा पाटी नीट वाचा आणि मनाशी तीन प्रश्न विचारा: याचे घर कोठे आहे? ते घर अजून शाबूत आहे काय? आणि याचा वंश कधी तरी त्या घरी परत जाईल काय? मार्गदर्शकास हे प्रश्न नम्रपणे विचारावयासही संकोच करू नका. विचारणारे वाढले म्हणजे उत्तरे देणारासही विचार करावा लागतो. आणि वाटेतील तरसापुढे थोडे थांबा. त्याचे घर आपल्याच माळरानात आहे. ते राखणे तर सर्वस्वी आपल्याच हाती आहे.