बर्फाचं कोकण

यामागाता, फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सेंदाईहून निघालो तेव्हा लख्ख ऊन आणि कोरडे रस्ते. मनात म्हटलं, झालं, बर्फ हुकला! सेन्झान लाइनची गाडी डोंगरातल्या लांब बोगद्यात शिरली आणि पलीकडे निघाली ती बर्फात बुडालेल्या गावांत. वाईत ऊन आणि पाचगणी ओलांडली की धो धो, हे आपण किती वेळा पाहिलंय. इथलं कारणही त्याच जातीचं. हिवाळ्यात सायबेरियातून गारठलेला कोरडा वारा सुटतो, जपानच्या समुद्रातल्या उबदार प्रवाहावरून येताना पोटभर ओलावा घेतो आणि ओऊच्या डोंगररांगेला अडला की सगळा बर्फ अलीकडेच रिता करतो. यामागाता म्हणजे कोकण, सेंदाई म्हणजे देश.

तयारीही कोकणासारखीच. तू देवरुखला पडवीला झापं लावून घ्यायचीस ना, तशा इथे घरांना बाहेरून फळ्या ठोकतात. बागेतल्या झाडांच्या फांद्या भाराने मोडू नयेत म्हणून दोरांनी वर बांधून ठेवतात. काही रस्त्यांच्या मधोमध नळ्या आहेत, त्यांतून जमिनीखालचं पाणी उडत राहतं आणि बर्फ विरघळतो. त्या पाण्यातल्या लोहाने डांबर तांबूस झालंय.

काल यामादेराला गेले. कड्यावरचं देऊळ, हजाराच्या वर पायऱ्या, सगळ्या घट्ट दाबलेल्या बर्फाच्या. एन्निन नावाच्या भिक्षूने ते ८६० साली स्थापलं. क्योतोजवळच्या हिएई पर्वतावरच्या मूळ मठातून आणलेली ज्योत इथे तेवत होती. १५७१ मध्ये सरदार नोबुनागाने तो मठ जाळला, तेव्हा ज्योत इथूनच परत नेली. बाबांना सांग, कडाही ज्वालामुखीचाच आहे, पण कान्हेरीसारखा छिन्नीने कोरलेला नाही, वाऱ्यापाण्याने पोखरलेला. हायकूकार बाशो १६८९ च्या उन्हाळ्यात आला होता. शिरीष पैंच्या हायकूंमुळे तुला तो परका नाही. त्याने इथल्या सिकाडांवर लिहिलं, आता त्याचा पुतळा बर्फाची टोपी घालून उभा आहे.

पायथ्याशी सोया सॉसमध्ये उकळलेले कोन्याकूचे गोळे काडीला टोचून देतात. आपल्या सुरणाचाच भाऊबंद असलेल्या कंदाचे. दिसायला अगदी उपासाचे, पण रश्शात सुका माकूळ घालतात. मंगळवार होता. काकूला बोलू नकोस.

झाओ

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत की झाडांची भुतं होतात म्हणजे काय. ढगातले थेंब शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतात आणि कशालाही टेकले की जागच्या जागी गोठतात. वरच्या फर वृक्षांवर असे थर चढतात, त्यांत बर्फ अडकतो, आणि झाड दिसेनासं होऊन उरतो नुसता आकार. गंमत म्हणजे थर वाढतो तो वारा येतो त्या दिशेला.

रोपवेने दोन टप्प्यांत १६६१ मीटरवर पोचलो. तिथे १७७५ साली बसवलेली जिझोची दगडी मूर्ती आहे, प्रवाशांची रखवाली करणारी. ती गळ्यापर्यंत पुरलेली होती. पण पोस्टरवर दिसतं तेवढं सगळं शाबूत नाही. २०१३ च्या सुमारास पतंगाच्या अळ्यांनी या झाडांची पानं खाल्ली, मग साल पोखरणारे किडे आले, आणि शिखराजवळची असंख्य झाडं वाळून गेली. नुसत्या खांबांवर पूर्वीसारखी भुतं उभी राहत नाहीत. वनखातं खालची रोपं वर आणून लावतंय. ती वाढायला काही दशकं जातील. गाडीतले बहुतेक जण फोटो काढत होते, मीही काढले. पण जिवंत झाड कुठलं आणि मेलेलं कुठलं हे पाहण्यातच माझा जास्त वेळ गेला.

गावातल्या झऱ्यांचं गरम पाणी गंधकाचं, भयंकर आम्लधर्मी. आत जाताना जोडवी काढून ठेवली, चांदी काळी पडते.

गिंझान

प्रिय ताई,

हे गाव फोटोत तू नक्की पाहिलं असशील: अरुंद नदी, दोन्ही तीरांवर तीन-चार मजली लाकडी सराया, गॅसचे दिवे. सगळं फार जुनं वाटतं, पण १९१३ च्या पुराने जुनं गाव वाहून नेलं आणि आजचं रूप त्यानंतरचं. त्याच्या कितीतरी आधी इथे चांदीची खाण होती. एनएचकेच्या 'ओशिन' मालिकेने गावाचं नाव घरोघरी नेलं. आता गर्दी इतकी की २०२५ पासून हिवाळ्यात मुक्काम नसलेल्यांना संध्याकाळी आधी तिकीट काढावं लागतं. पटतं मला. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरण पाहिलेल्या माणसाला हे पटायलाच हवं.

मात्र दिवे लागायच्या आधी, सकाळी बघावं हे गाव. प्रत्येक छपरावर कुणीतरी फावडं घेऊन चढलेलं असतं, आणि ते कुणीतरी बहुधा म्हातारं. तरुण पोरं सेंदाई-तोक्योला. बर्फाने जपानात जी माणसं दगावतात, त्यांतली पुष्कळशी छप्पर साफ करतानाच पडून, आणि बरीचशी पासष्टीच्या पुढची. उत्तरेच्या सुकायूला २०१३ मध्ये ५६६ सेंटिमीटर बर्फ साचला होता. आकडा ऐकायला छान वाटतो. खालून पाहिला की फावड्यात मोजावा लागतो.

आमच्या सराईच्या आजींनी मुंबईत बर्फ किती, असं विचारलं. बर्फ नाही, पाऊस, म्हटलं, आणि २००५ च्या २६ जुलैचा सांताक्रूझचा आकडा सांगितला: एका दिवसात ९४४ मिलिमीटर. त्यांनी फोनवरचं भाषांतर पुन्हा वाचलं, फावडं भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "मग तो उपसायला तुमच्याकडे कोण येतं?"