पांढरं पडलेलं मशरूम

पांढरं पडलेलं मशरूम-प्रवाळ मेलेलं नसतं. मेलेलं विरघळतं आणि त्याला कुजका वास येतो. पांढरं पडलेलं आक्रसतं, जवळजवळ पारदर्शक होतं, पण खाऊ तोंडाशी नेला की कडा हळूच आत वळवतं. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ तेवढं बहुतेक गेलेलं असतं. हे शेवाळ प्रकाशातून अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. पाणी फार तापलं की शेवाळाचं हे तंत्र बिघडतं, प्राणवायूची घातक रूपं तयार होऊ लागतात आणि प्रवाळ आपल्या सोबत्यालाच बाहेर टाकतं. मग ते उपाशी पडतं.

छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी लाइट गेली की खाऱ्या पाण्याच्या टाकीचा चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, बंद पडतो आणि टाकी तापायला लागते. परवाच्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांच्या टाकीतलं मशरूम असंच माझ्याकडे आलं. मूळचं तळहाताएवढं, आलं तेव्हा जेमतेम रुपयाएवढं.

शेवाळ परत यावं म्हणून बहुतेक जण प्रकाश वाढवतात. मला हा उपाय क्रूर वाटतो. उरलंसुरलं शेवाळ आधीच होरपळलेलं असतं, त्याला सावली हवी. मी ते तळाशी, दगडाच्या आडोशाला ठेवलं आणि निळा दिवा मंद केला. अशक्त मशरूमचा पाय सुटतो आणि ते पंपात ओढलं जातं, म्हणून त्याला बारीक खड्यांच्या वाटीत ठेवून वर जाळी बांधली.

मग भरवणं. गोठवलेलं मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव, वितळवून बारीक चिरायचं, पंप थांबवायचा आणि सिरिंजनं एक कण तोंडावर सोडायचा. घेतला नाही तर काढून घ्यायचा, सडू द्यायचा नाही. पाणी अगदी निर्मळ असावं, हा आग्रहही इथे सोडावा लागतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आलं तर परतणाऱ्या शेवाळाला खायला काय उरणार? लिटरला पाच-दहा मिलिग्रॅम नायट्रेट मला चालतं, त्या दिवसांत हवंच असतं.

पाणी थंड ठेवायला इथल्या कोरड्या हवेचा मोठा आधार आहे. पाण्यावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईच्या दमट हवेत एवढा गुण येत नाही. मात्र उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. रोज आर.ओ.चं गोडं पाणी घालून विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर राखलं नाही, तर उष्णतेतून वाचवलेलं प्रवाळ खारटपणानं जातं. जायकवाडी धरणाचं पाणी आमच्या नळाला काही दिवसांच्या अंतरानं येतं, त्यामुळे उन्हाळ्यात आर.ओ.चे कॅन आधीच भरून ठेवावे लागतात.

रंग परतला तो आधी तपकिरी, तोंडाभोवती. ज्या हिरव्यासाठी लोक मशरूम पाळतात, तो रंग प्रवाळाचा स्वतःचा असतो, तपकिरी शेवाळाचा. मला तपकिरीचाच जास्त आनंद होतो.

माझ्या टाकीत दगडी प्रवाळ नाही आणि येणारही नाही. २००१पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याची जागा समुद्रातच आहे. मशरूमला दगडी सांगाडा नसतो, त्याचा गणही वेगळा. ते टाकीतच दुभंगून वाढतं, त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घरात देता येतं. पण दगडी प्रवाळ समुद्रातही सुखरूप नाही. मालवणला १९८७मध्ये सागरी अभयारण्य झालं. तिथलं दगडी प्रवाळही पांढरं पडलेलं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. एप्रिल २०२४मध्ये जगभरातल्या चौथ्या व्यापक विरंजनाची, म्हणजे प्रवाळं पांढरी पडण्याची, घोषणा झाली आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळंही पांढरी पडली. सावली, पंखा, भरवणारा हात यांतलं काहीच तिथे पोहोचत नाही. टाकीपुढे बसून हे शिकल्यावर त्या बातम्या मला नुसत्या वाचता येत नाहीत.

त्या मशरूमला आता दुसरं तोंड फुटलंय. पुरतं वेगळं झालं की एक स्नेह्यांकडे परत जाईल. घरच्या इन्व्हर्टरवर चिलर चालत नाही, पण छोटा पंखा तासन्‌तास चालतो. तेवढी जोडणी मार्चच्या आत करून घ्या, असं त्यांना सांगितलंय.