वन-वे, प्लीज!

‘वन-वे’ म्हटलं की पुणेकराला आठवतो लक्ष्मी रोड. चुकून उलटं घुसलात की चौकात मामा उभेच, आणि पावती फाडल्याशिवाय सुटका नाही. पण २०२५च्या फेब्रुवारीत मी अगदी नियमात राहून वन-वे गेलो, तरी तीनशे डॉलरची पावती फाटलीच. न्यूझीलंडमध्ये!

झालं असं, की धाकट्या बहिणीला डुनेडिनच्या ओटागो विद्यापीठात मास्टर्सला ॲडमिशन मिळाली. १८६९ साली स्थापन झालेलं, त्या देशातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ. घरात पेढेबिढे वाटून झाले. मी मात्र आतून धुमसत होतो. तिच्या एज्युकेशन लोनवर को-ॲप्लिकंट म्हणून माझी सही होती आणि त्या सहीपायी माझा बाणेरचा टू बीएचके लांबणीवर पडला होता. यावरून आम्ही भांडलो नव्हतो. बोललोच नव्हतो! ‘मीठ दे’ एवढाच डायलॉग जेवणाच्या टेबलावर चार महिने चालू होता.

मग एक दिवस मीच म्हटलं, “सोडायला येतो तुला. ऑकलंडला उतरू, कॅम्परव्हॅन घेऊ आणि रस्त्यानं खाली जाऊ.”

बाबांनी लगेच हिशेब मांडला. “अरे, ऑकलंडहून विमानानं दोन तासांत पोचाल. हा खर्च कशाला?”

मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण दोन तास विमानात आम्ही दोघंही कानात हेडफोन घालूनच बसलो असतो, हे त्यांना कसं सांगणार?

आता बिलाकडे येऊ, कारण वेबसाइटवरचं रोजचं भाडं हा निव्वळ ट्रेलर असतो. पिक्चर पुढे आहे. दहा दिवसांचं भाडं २,१०० डॉलर. गाडी ठोकली तर खिशाला चाट बसू नये म्हणून जास्तीचा इन्शुरन्स ४५०. तो नको म्हणालात, तर क्रेडिट कार्डावर काही हजार डॉलर अडकवून ठेवतात. उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर जायला वेलिंग्टन ते पिक्टन फेरीबोट. तिचं तिकीट गाडीच्या लांबीवर ठरतं, आमचं माणसांसकट ३४० झालं. डिझेल ३५०. शिवाय तिथं डिझेलवर चालणाऱ्या गाडीला किलोमीटरवर वेगळा रस्ताकर, तो १४०. कॅम्पसाइट्स ३३०. आणि गाडी घेतली तिथं परत न करता दुसऱ्या गावात सोडायची म्हणून वन-वे फी ३००. टोटल चार हजार दहा. डॉलरला पन्नास रुपये धरा, झाले दोन लाख!

मला सगळ्यात जास्त टोचले ते हे तीनशे. गाडी तुमचीच, ऑफिसही तुमचंच, मग फी कसली? काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे फंडा समजावला. बहुतेक टूरिस्ट ऑकलंडला उतरतात, दक्षिणेकडे फिरत जातात आणि क्राइस्टचर्च नाहीतर क्वीन्सटाउनहून विमान पकडतात. गाड्या साचतात खाली आणि गिऱ्हाईक उभं असतं वर. रिकामी गाडी कुणीतरी हजार किलोमीटर चालवत, फेरीचं तिकीट काढून परत आणायची असते. त्याचे पैसे तुम्ही आधीच भरता.

निघालो. ड्रायव्हिंग आपल्यासारखंच डावीकडून, त्यामुळे टेन्शन नव्हतं. टेन्शन होतं टॉयलेटचं. २०२३च्या कायद्यानुसार ‘सेल्फ-कंटेन्ड’ म्हणवणाऱ्या गाडीत टॉयलेट पक्कं बसवलेलं लागतं, आणि त्याची टाकी डम्प स्टेशनवर आपल्याच हातांनी रिकामी करावी लागते. ऑफिसात बारा जणांची टीम सांभाळणारा मी हातमोजे घालून टाकी उचलतोय आणि बहीण लांब उभी राहून शूटिंग करतेय! चार महिन्यांत पहिल्यांदा आम्ही एकत्र हसलो ते तिथं, टाउपोला.

पण खरं बोलणं झालं कायकोरात. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे आमची व्हॅन. गॅसवर मॅगी रटरटत होती. मी कसंबसं विचारलं, “परत येशील ना?”

तिनं गॅस बंद केला. “दादा, तू मला सोडायला आलायस की वसुलीला?”

मी गप्प.

“फ्लॅटचं मला आईकडून कळलं. निघायच्या आदल्या आठवड्यात. तू का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू गेली नसतीस.”

“मग तेच सांगायला हवं होतं ना! परत येईन की नाही, मला आत्ता माहीत नाही. हप्ते मात्र मी भरणार.”

त्या रात्री मॅगी गार झाली, पण आम्ही दोनपर्यंत बोलत बसलो होतो.

डुनेडिनला तिच्या दोन बॅगा, कुकर आणि गादी खोलीत टाकली. तिथून साडेतीनशे किलोमीटर मागे येऊन क्राइस्टचर्चला व्हॅन परत केली. माझं मुंबईचं विमान ऑकलंडहून होतं आणि हातात पाच दिवस होते. तिथं दुसऱ्या एका कंपनीची ‘रिलोकेशन’ची ऑफर मिळाली. गाडी ऑकलंडला पोचवा, भाडं दिवसाला एक डॉलर! फेरीचं तिकीट त्यांचं, डिझेल माझं, मुदत चार दिवस. म्हणजे खाली जाताना ज्या रिकाम्या गाडीसाठी मी तीनशे मोजले होते, तसलीच एक रिकामी गाडी आता मीच वर नेत होतो.

तेव्हा तुम्ही कधी प्लॅन करत असाल, तर आधी दिशा बघा. दक्षिणेकडून उत्तरेला गेलात तर काही कंपन्या वन-वे फी माफही करतात. तारखा हलवता येत असतील आणि थांबत, रमत जायची हौस नसेल, तर रिलोकेशनसारखा स्वस्त सौदा नाही. आणि फेरी आधी बुक करा, सीझनमध्ये मोठ्या गाड्यांच्या जागा पटकन भरतात.

फक्त एक सांगून ठेवतो. जिथं दोघं थांबलो होतो, त्याच कायकोरात एकट्यानं मॅगी करणं अवघड जातं. मी पाणी उकळत ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला.

“दादा, आपलं मीठ तुझ्याच पिशवीत राहिलं का रे?”

राहिलं होतं. मग पाऊण तास बोललो आम्ही. मिठावर पाच मिनिटंसुद्धा नाही.