पुन्हा गायिलेल्या गाण्याची साक्ष

गाणे पुन्हा गाणे आणि गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करणे या दोन गोष्टी वरकरणी सारख्या वाटल्या तरी एक नव्हेत. गवई यमनातली तीच बंदिश शंभराव्यांदा मांडतो तेव्हा 'हे तर मागेच झाले' असे कोणी म्हणत नाही. उलट आज ती कशी उलगडते हे पाहायलाच श्रोते बसलेले असतात. पण तोच गवई आपली गाजलेली तबकडी पंचवीस वर्षांनी नव्याने मुद्रित करतो म्हणाला, की आपल्या कपाळाला आठी पडते. जुनीत काय उणे होते? नवे काही सुचत नाही काय? की पैशांची निकड? पुनरुक्तीला मैफलीत प्रतिष्ठा आहे, तबकडीवर नाही. हा भेद आपण इतका गृहीत धरला आहे, की तो मुळात का असावा असा प्रश्नच आपल्याला पडत नाही. आम्हांला तो पडला तो काहीशा अनपेक्षित दिशेने: 'पेट्रा' या अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँडच्या २०१० सालच्या 'बॅक टू द रॉक' या संग्रहामुळे.

पेट्रा म्हणजे ग्रीक भाषेत खडक. 'रॉक' या शब्दावरचा श्लेष उघड आहे. बॉब हार्टमन या गिटारवादक-गीतकाराने काही मित्रांसह १९७२ साली इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी हा बँड उभा केला. पहिला संग्रह १९७४ साली निघाला. पुढे ग्रेग एक्स. वोल्झ हा उंच, घासलेल्या पितळेसारख्या आवाजाचा गायक त्यांना लाभला आणि 'नेव्हर से डाय' (१९८१), 'मोअर पॉवर टू या' (१९८२), 'नॉट ऑफ धिस वर्ल्ड' (१९८३) या संग्रहांनी पेट्राला आपल्या क्षेत्रात अग्रस्थानी नेऊन बसवले. वोल्झ गेला, १९८६ साली जॉन श्लिट आला, आणि बँडचा दुसरा, अधिक यशस्वी कालखंड सुरू झाला. २००५ साली निरोपाचे कार्यक्रम झाले. आणि पाच वर्षांनी वोल्झच्या काळातली मंडळी पुन्हा जमली. त्यांनी आपली जुनी गाणी नव्याने गाऊन, दोन नवी गाणी जोडून, हा संग्रह काढला.

आमचा आणि पेट्राचा संबंध यावा असे आमच्या घरात काही नव्हते. आमचे घर वारकरी. कानांवर पडले ते हरिपाठाचे अभंग आणि आजीच्या काकड आरत्या. पुण्याच्या वसतिगृहात मात्र आमचा शेजारी नगरकडचा एक मराठी ख्रिस्ती मित्र होता. त्याच्या खोलीत दोन वस्तू शेजारी शेजारी असत: घरून आणलेले 'उपासना संगीत' हे जुने पुस्तक आणि दुबईच्या मामाने पाठवलेली 'नॉट ऑफ धिस वर्ल्ड'ची कॅसेट. पुस्तक वडिलांना दिलेल्या शब्दाखातर होते. कॅसेट वडिलांना ठाऊक नव्हती. विद्युत गिटारीवर देवाचे नाव घेणे हा त्यांच्या लेखी पाखंडाचाच एक प्रकार होता.

त्या वृद्ध गृहस्थांशी सहमत असणारे अमेरिकेत पुष्कळ होते. जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध धर्मोपदेशकाने १९८७ साली धार्मिक रॉकविरुद्ध एक पुस्तकच लिहिले आणि त्याला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवले. रॉक अँड रोलचा एक आद्य कलावंत जेरी ली लुईस हा याच स्वॅगर्टचा सख्ख्या नात्यातला भाऊ होता, हा नियतीचा विनोदच म्हणायचा. 'रॉकच्या तबकड्या उलट्या फिरवल्या की सैतानाचे संदेश ऐकू येतात' अशी हाकाटीही त्या काळी जोरात होती. पेट्राने १९८२ सालच्या 'जुडासेस किस' या गाण्याआधी खरोखरच एक वाक्य उलटे मुद्रित करून ठेवले. ते सुलट केले की ऐकणाऱ्यालाच टोमणा ऐकू येई: परमेश्वराला शोधायचे सोडून सैतानाला कशाला शोधत बसला आहात?

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या वादात काही ओळखीचे दिसेल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले तेव्हा प्रश्न हाच होता: दुसऱ्या घरी वाढलेले रूप आपल्या देवाला चालते काय? टिळकांचे उत्तर कृतीतून आले आणि ते टिकले. रविवारी मराठी चर्चमध्ये त्यांची गीते आजही म्हटली जातात. तिथे 'मूळ ध्वनिमुद्रण कोणते' असे कोणी विचारीत नाही. गीताची मूळ प्रत म्हणजे जो म्हणेल त्याचा त्या दिवशीचा गळा. भक्तिगीताची प्रकृतीच पुनरुच्चाराची आहे; आमच्या आजीचा हरिपाठ रोज नवा असे आणि रोज तोच असे.

मग पेट्राच्या पुनरुच्चाराविषयी चाहत्यांत कुरबुर का व्हावी? कारण रॉक संगीतात कृती म्हणजे कागदावरची स्वरलिपी नव्हे, आणि केवळ चालही नव्हे. कृती म्हणजे ध्वनिफितीवर ठसलेला तो विशिष्ट आवाज, तो विशिष्ट ढोल, त्या खोलीचा तो विशिष्ट घुमार. कायद्यानेही हे द्वैत मान्य केले आहे. गीत-चालीचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला संघीय कायद्याने स्वामित्वहक्क मिळाला तो १५ फेब्रुवारी १९७२ पासून, म्हणजे पेट्राच्या जन्मवर्षीच. मुद्रणाचा हक्क बहुधा कंपनीकडे राहतो. करारातली मुदत संपल्यावर कलावंत तेच गाणे पुन्हा मुद्रित करून स्वतःच्या मालकीची प्रत तयार करू शकतो. टेलर स्विफ्टने २०२१ पासून आपले चार संग्रह असे पुन्हा गायिले तेव्हा ही बाब जगाला कळली. २०२५ साली तिने मूळ मुद्रणेही विकत घेतली. ख्रिस्ती हेवी मेटलमधल्या 'स्ट्रायपर'नेही २०१३ साली 'सेकंड कमिंग' या संग्रहात आपली ऐंशीच्या दशकातली गाणी पुन्हा बांधली.

आमच्या मते पुनर्मुद्रणाचे तीन प्रकार करता येतात. पहिला हिशेबाचा: मालकी परत मिळवण्यासाठी केलेला. त्यात गैर काही नाही, पण त्याचे यश नकलेच्या अचूकपणावर मोजले जाते. दुसरा रूपांतराचा: जुने गाणे नव्या वेषात मांडणारा. पेट्राने हेही केले होते. २००० साली 'डबल टेक'मध्ये श्लिटच्या आवाजात जुनी गाणी बव्हंशी अविद्युत वाद्यांवर आली आणि त्या संग्रहाला ग्रॅमीही मिळाले. तिसरा प्रकार अधिक अवघड आहे आणि त्याला मराठी ख्रिस्ती बोलीतलाच शब्द नेमका आहे: साक्ष. सभेत उभे राहून आपल्या आयुष्यात काय घडले ते सांगणे म्हणजे साक्ष देणे. तरुणपणी दिलेली साक्ष साठीत पुन्हा द्यायची झाली तर शब्द तेच राहतील. पण ऐकणारा आता दुसरेच काही ऐकेल. 'अजूनही?' हा त्याचा न विचारलेला प्रश्न असेल, आणि प्रत्येक शब्द त्या प्रश्नाचे उत्तर होऊन बसेल.

'बॅक टू द रॉक'मधील 'ग्रेव्ह रॉबर' हे गाणे या दृष्टीने ऐकण्याजोगे आहे. हार्टमनने लिहिलेले हे संथ गीत १९८३ सालच्या त्या कॅसेटवर होते. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, म्हणजे पुनरुत्थानाचा अध्याय, हा त्याचा आधार. कबर फोडणारा दरोडेखोर ही एरवी भीतीची प्रतिमा. इथे ख्रिस्तच तो दरोडेखोर आहे, मृत्यूच्या तिजोरीतून माणसे पळवून नेणारा. तिशीतल्या माणसांनी हे लिहिले आणि गायिले तेव्हा त्यात एक रुबाब होता. मृत्यूला आव्हान देणे तिशीत सोपे असते; तो अजून आपल्या गल्लीत आलेला नसतो. साठीच्या आसपासची तीच माणसे तेच शब्द म्हणतात तेव्हा आव्हानाची जागा हिशेबाने घेतलेली असते. मधल्या सत्तावीस वर्षांत प्रत्येकाने कोणाला तरी मातीत ठेवले असणार. नवे मुद्रण जुन्यापेक्षा स्वच्छ आहे, भरीव आहे. आमच्या कानांना त्यात आवाजाची थोडी सावधगिरीही जाणवते. पूर्वी जिथे गळा झेप घेई तिथे तो आता पाऊल टाकतो. ते पाऊल आम्हांला झेपेपेक्षा विश्वासार्ह वाटते.

इथे बोर्गेसचा पियर मेनार आठवणे अटळ आहे. १९३९ सालच्या त्या कथेतला मेनार दोन किहोते नक्कल न करता, शब्दशः तसाच पुन्हा लिहू पाहतो. आणि कथेतला समीक्षक गंभीरपणे सांगतो, की तेच शब्द तीन शतकांनंतर अधिक श्रीमंत झाले आहेत. बोर्गेसचा तो विनोद आपण वर्गात शिकवतो तो संहितेच्या अस्थैर्याचा दाखला म्हणून. पेट्राच्या बाबतीत मात्र विनोद उरत नाही. मेनार हा दुसरा माणूस होता. इथे तोच माणूस स्वतःचे वाक्य पुन्हा लिहितो आहे, आणि मधली वर्षे त्याच्या देहावर लिहिली गेली आहेत. अर्थात 'तोच' या शब्दातही मेख आहे. २०१० च्या संचात हार्टमन आणि वोल्झ यांच्यासह मार्क केली, लुई वीव्हर आणि जॉन लॉरी होते. पण १९८३ च्या 'ग्रेव्ह रॉबर'वर कळफलक लॉरीचा नव्हता, जॉन स्लिकचा होता. 'मूळ संच' म्हणून जो परततो तोही असा थोडा कल्पित असतो. आपल्या आठवणीतले तारुण्यही याहून फार निराळे नसते.

आमच्या मित्राला आम्ही हा संग्रह पाठवला तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेला होता आणि चर्चपासून दूर गेला होता. रागाने नव्हे, त्याच्याच शब्दांत सांगायचे तर 'हळूहळू दिवा लहान होत गेला'. जुनी कॅसेट मात्र तो संगणकावर उतरवून घेऊन अजून ऐकत असे. नवा संग्रह त्याने दोन गाणी ऐकून बंद केला. आम्ही कारण विचारले. आम्हांला वाटले, आवाज उतरला असे म्हणेल, किंवा चाहते म्हणतात तसे, जुन्याची सर नाही असे म्हणेल. तो म्हणाला, "जुनं गाणं ऐकताना मी तेव्हाच्या मला भेटतो. त्या गाण्यातला गायकही तेव्हाचाच आहे, आम्ही दोघे तिथेच असतो. पण हा माणूस अजून तिथेच उभा आहे रे. आणि मी नाही."

या उत्तराने आमच्या वर्गीकरणाची वीण थोडी उसवली. आम्ही साक्षीचा विचार देणाऱ्याच्या बाजूने केला होता. ती ऐकणाऱ्यावरही काही लादते हे त्याने दाखवून दिले. जुने ध्वनिमुद्रण दयाळू असते. ते काळाला थांबवते आणि आपल्याला काही विचारीत नाही. म्हणूनच 'मूळ तेच खरे' असा आपला आग्रह असतो; त्या आग्रहात अभिरुची जितकी असते तितकाच स्वतःचा बचावही असतो. पुन्हा गायिलेले गाणे मात्र मधली सगळी वर्षे मोजून आपल्यापुढे ठेवते. गायकाने ती कशी घालवली ते सांगते आणि मग गप्प राहते. पुढचे बोलणे ऐकणाऱ्याने करायचे असते.

आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, आणि आजीच्या हरिपाठाशीही आमचे नाते आता ऐकण्यापुरते उरले आहे. तरी दोन्ही 'ग्रेव्ह रॉबर' लागोपाठ ऐकताना आम्हांला कोणते अधिक आवडते हे सांगणे कठीण जाते, आणि ते सांगणे फारसे महत्त्वाचेही वाटत नाही. १९८३ चे गाणे अधिक सुंदर आहे, हे मित्राचे म्हणणे आम्ही वादाशिवाय मान्य करतो. पण आजी सत्तराव्या वर्षी, दात पडलेल्या तोंडाने, सूर सोडून जे म्हणत असे तेही कोणी सुंदर म्हटले नसते. आणि ते बंद पडले त्या पहाटे घरात काय कमी झाले आहे हे मात्र आम्हां सगळ्यांना अंथरुणातच कळले होते.

मित्राने तो संग्रह अजून पुसून टाकलेला नाही. मध्यंतरी आम्ही सहज विचारले, तर म्हणाला, "राहू दे. कधीतरी तिसरं गाणं ऐकेन."