गळ, माशी आणि पहिली काठी

मासेमारीची भाषा आपण मराठी माणसे पाण्यापेक्षा माणसांवरच अधिक वापरतो. एखादा गळाला लागतो, कुणाला आमिष दाखवले जाते, कुणी जाळ्यात ओढला जातो, आणि लाचलुचपतीच्या बातमीत 'मोठा मासा' हटकून सापडतो. नदीकाठी खराखुरा गळ टाकून बसलेल्या माणसाच्या वाट्याला या भाषेतले फारसे काही येत नाही. हे आमच्या ध्यानी आले ते आमच्या बारा वर्षांच्या भाच्यामुळे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याने आम्हांला (दुसरा शब्दच नाही) गळ घातली, "मामा, मला फ्लाय फिशिंगची काठी पाहिजे." डोंगरातल्या नितळ ओढ्यात कमरेइतक्या पाण्यात उभे राहून डोक्यावरून दोरीचे मोठमोठे वेढे फिरवणारी माणसे त्याने मोबाइलवर पाहिली होती. यवतमाळच्या उन्हात वाढणाऱ्या मुलाला त्या दृश्याची भूल पडावी यात नवल नाही.

या प्रकाराला मराठी नाव नाही. 'फ्लाय' म्हणजे माशी. कोंबड्याच्या पिसाची नि दोऱ्याची खोटी माशी गळावर बांधून माशाला फसवायचे. माशीने मासा धरायचा, असे म्हटले की शब्दांची कोटी वाटते, पण तिच्यामागे भाषेचा इतिहास आहे. 'मत्स्य' प्राकृतात 'मच्छ' होऊन मराठीत 'मासा' झाला आणि 'मक्षिका' तशीच झिजत 'माशी' झाली. संस्कृतात एकमेकींपासून दूर असलेले दोन शब्द मराठीत शेजारी येऊन बसले. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि पुन्हा किमतीवर आला.

किमतीचा विचार करण्यापूर्वी आम्ही, सवयीने, पुस्तकांकडे वळलो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले त्यांत मासा आहे: जिभेच्या लोभाने गळ गिळतो आणि मरतो, म्हणून गुरू. नाथांच्या टीकेमुळे हा स्कंध मराठीत घरोघर पोहोचला. तो अवधूत म्हणजे दत्तात्रेय असे मानणारी परंपरा आहे आणि दत्ताचे माहूर तर पैनगंगा ओलांडली की समोरच. म्हणजे आमच्या नदीच्या पलीकडच्या काठावरचा हा दृष्टान्त. त्यात माशाला चेहरा आहे, गळ टाकणाऱ्याला नाही.

गळ टाकणाऱ्याला चेहरा मिळतो तो राजा असल्यास. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य, दोरी, काठी, गळ असा सारा तपशील त्यात येतो. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहून अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्रजांचा आयझॅक वॉल्टन आपले 'द कम्प्लीट अँगलर' घेऊन आला १६५३ साली, सोमेश्वरानंतर पाच शतकांनी. मात्र 'विनोद' हा शब्द लक्षात ठेवावा. मासा धरणे हा राजाचा विनोद होता. ज्याचा तो धंदा होता त्याने ग्रंथ लिहिला नाही.

आता काठीकडे. फ्लाय फिशिंगचे साहित्य महाग का असते हे समजून घेतले की निर्णय सोपा होतो. साध्या गळात वजन टोकाला असते. शिसे किंवा आमिष दोरीला ओढत नेते. पिसाच्या माशीला वजनच नाही, म्हणून येथे दोरीच जाड आणि वजनदार करावी लागते. ती फेकण्यासाठी काठीला ठरावीक लवचीकपणा लागतो. दोरीचा नंबर आणि काठीचा नंबर जुळावा लागतो, आणि टोकाला माशाला न दिसेल असा बारीक धागा वेगळा. रीळ आले, माश्यांची डबी आली. चार आकडी किमतीखाली बरे काही मिळत नाही, आणि मिळाले तरी डोक्यामागे वीस-तीस फूट मोकळी जागा हवी. आमच्या अडाणच्या काठावर डोक्यामागे बाभळी आहेत.

तरी त्या काठीच्या कुळाविषयी एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या नामवंत कारागिरांनी बांबूच्या चिरफळ्या जोडून ज्या फ्लाय काठ्या केल्या, त्यांच्या बांबूला 'कलकत्ता केन' म्हणत. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. हा कलकत्ता केन म्हणजे आपला मानवेल, लाठीसाठी वापरतात तो जवळजवळ भरीव बांबू. विदर्भाच्या जंगलात तो मुबलक आहे. माश्या बांधणाऱ्यांचे सर्वांत लाडके पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे, आणि तो पक्षीही भारतातलाच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे, तेव्हा त्या पिसाचा विचार कुणी करू नये. आमचा मुद्दा एवढाच की जी वस्तू परदेशी म्हणून भाच्याला हवी होती, तिचा निम्मा कच्चा माल येथून गेला होता.

तेव्हा आम्ही बुरुडाकडे गेलो. जंगलातला बांबू आपल्या हाताने तोडणे योग्य नाही. बुरुडाकडे तो रीतसर आलेला असतो आणि त्याची पारखही त्याच्याकडेच. लहान मुलासाठी काठी आठ-नऊ फुटांपेक्षा लांब नसावी. मुठीजवळ अंगठ्याएवढी, टोकाशी पेन्सिलीहून बारीक. ओला बांबू जड असतो आणि वाळताना वाकतो, म्हणून सावलीत वाळलेलाच घ्यावा. पेरे जवळजवळ असलेला चांगला. टोक धरून हळूच वाकवावे आणि सोडावे. परत सरळ झाले नाही तर बाजूला ठेवावे. आमच्या बुरुडाने वाकडे पेर निखाऱ्यावर धरून, गुडघ्यावर दाबून सरळ केले. तेवढा वेळ तो आमच्याशी बोलला नाही. अवधूताच्या गुरूंत बाण सरळ करणारा एक शरकर्ता आहे. वाद्ये वाजवीत राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही. भाचा ते पाहत उभा होता आणि पहिल्यांदाच मोबाइल त्याच्या खिशात होता.

बाकीचे साहित्य थोडक्यात. दोरी नायलॉनची, जिला काठावरची माणसे तंगूस म्हणतात. पाव मिलिमीटर जाडीची पुरे, आणि काठीएवढीच लांब. गळांचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तो गळ लहान. दहा किंवा बारा नंबर मुलाला योग्य. गळाच्या टोकाशी मागे वळलेला जो बारीक काटा असतो तो पकडीने दाबून सपाट करावा. मासा थोडा निसटतो खरा, पण मुलाच्या बोटात गळ रुतला तर तो सहज निघतो, आणि लहान मासा जिवंत परत सोडता येतो. तरंगण्यासाठी ज्वारीच्या धांड्यातले भेंड. विकतचे प्लॅस्टिकचे रंगीत बोंडूक घेण्याचे कारण नाही. शिशाचे मणी मुले दातांनी दाबतात, म्हणून ते नकोतच. इंग्लंडात हंस मरू लागले तेव्हा १९८७ पासून लहान शिशाच्या मण्यांवर बंदी आली. आपल्याकडे एखादा बारीक लोखंडी नट चालतो. सारा खर्च दोनशे रुपयांच्या आत झाला.

रीळ नाही, याची भाच्याला खंत होती. त्याला आम्ही जपानच्या तेन्कारा पद्धतीविषयी सांगितले. तिकडच्या डोंगरी ओढ्यांतले व्यावसायिक मासेमार पूर्वीपासून बांबूच्या लांब काठीच्या शेंड्याला दोरी बांधतात आणि तिच्या टोकाला पिसाची माशी. रीळ नाहीच. २००९ च्या सुमारास अमेरिकेत ही पद्धत पोहोचली आणि आता तिचे कौतुक तेथे साधेपणाचे तत्त्वज्ञान म्हणून होते. हेमिंग्वेचा म्हातारा, ज्याला पु. लं.नी 'एका कोळियाने'मधून मराठीत आणले, त्याच्या हातात तर काठीही नव्हती. नुसती दोरी आणि सोललेले तळवे. विश्वसाहित्यातल्या सर्वांत प्रसिद्ध गळवाल्याकडे दुकानातली काठी नव्हती, हे ऐकून मुलाचे समाधान झाले असे नाही, पण तक्रार थांबली.

काठावर एक वयस्क भोई गृहस्थ जाळे सांधत बसले होते. त्यांनी काठी हातात घेऊन तोलली आणि म्हणाले, "भाऊ, हे बरं केलं. मशीन कायले पाह्यजे पोराले? मोठा मासा लागला तं पोरगंच पान्यात जाईन." मग जरा थांबून, "अन् धरनावर नोका नेऊ त्याले."

या शेवटच्या वाक्यावर आम्हांला बराच विचार करावा लागला. यवतमाळ जिल्ह्यात पूस, अरुणावती, बेंबळा अशी धरणे झाली आणि नद्यांतले मासे ज्यांच्या पोटापाण्याचे होते त्यांचे पाणी बदलले. धरणातली मासेमारी ठेक्याने चालते. मच्छिमार सहकारी संस्था पैसे भरतात, कटला, रोहू, मृगळाची बोटुकली विकत आणून सोडतात आणि ती वाढण्याची वाट पाहतात. त्या पाण्यातला किलोभराचा कटला हा कुणाच्या तरी वर्षाच्या हिशेबातला असतो. शहरातला हौशी माणूस रीळ घेऊन येतो, दुपारभरात दोन कटले ओढतो, फोटो काढतो आणि जातो. त्याला आपण काही घेतले असे वाटत नाही, कारण मासा पाण्यात होता आणि पाणी सरकारचे. सोमेश्वराचा विनोद आठशे-नऊशे वर्षांनी असा सर्वांना परवडू लागला आहे.

स्वस्त काठीचा आम्हांला पटलेला खरा गुण येथे आहे. आठ फुटांची काठी आणि पाव मिलिमीटरची दोरी मोठा मासा पेलूच शकत नाही. ती मुलाला काठापासून दूर जाऊ देत नाही, खोल पाण्याशी त्याची गाठ घालत नाही, आणि ज्या माशावर दुसऱ्याचा संसार आहे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. नदीच्या उथळ डोहातले बोटभर चंदेरी मासे तिच्या वाट्याचे. पहिल्या पावसात चढणीला लागलेले, पोटात अंडी असलेले मासे तिच्याही वाट्याचे नाहीत, आणि टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्यात तर काठी न्यायचीच नाही. महागडे साहित्य विकणारा यांतले काही सांगणार नाही. 'याने मोठा मासा लागेल' हेच त्याचे आमिष असते. आम्ही 'आमिष' शब्द पुन्हा माणसासाठीच वापरला, हे खरे.

माशीचे मात्र राहिले होते. ऑक्टोबरात काठच्या गवतात नाकतोडे उदंड असतात. बारीक गळावर नाकतोडा लावून तो बुडू न देता, भेंड काढून टाकून, पाण्याच्या पृष्ठभागावर नुसता टेकवत न्यायचा. पिसाच्या माशीच्या आधीची ही रीत. नाकतोडे पऱ्हाटीतून धरायचे नाहीत, ही ताकीद आम्ही दिली. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषाने याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले; त्या पानांवरचा किडा मुलाच्या बोटांत नको आणि नदीतही नको. भाच्याने गवतातलेच धरले. पुढच्या रविवारी शेजारच्या कोंबड्याचे तांबडे पीस आणि आजीच्या पेटीतला काळा दोरा घेऊन तो आमच्या दारात आला. बारा नंबरच्या गळावर दोरा गुंडाळताना पीस चार वेळा सुटले, पाचव्यांदा बसले. ते माशीसारखे दिसत नव्हते. डोहात तिसऱ्या फेकीला पाणी किंचित फुटले, दोरी ताणली आणि सैल झाली, आणि काटा दाबलेला असल्याने जे काही होते ते निघून गेले. तो मासा केवढा होता यावर मामा-भाच्यांचे अद्याप एकमत नाही.